वाणात आलेली घटपर्णी

खैरनार अण्णांची आणि माझी पहिली भेट माझ्याच दारात झाली, तेव्हा ते पाण्याचा कॅन घेऊन उभे होते. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. मी ओसरीवर गुलाबाच्या जुड्या बांधत बसले होते. सायकल फाटकाला लावून, खोचलेला पांढरा शर्ट नीट करत एक गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "मी खैरनार. आमच्या घरून तुम्हाला वाणात रोप मिळालंय ना, त्याचं पाणी आणलंय."

"पाणी?" मी म्हटले, "आमच्याकडं विहीर हाय की, साहेब. लय पाणी हाय."

"तेच नको, ताई. विहिरीचं नको आणि नळाचंही नको. हे पावसाचं आहे. आठवडाभर एवढं पुरेल. पुढच्या रविवारी परत येतो."

जानेवारी महिन्यात पावसाचे पाणी घेऊन दारोदार फिरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते गेल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या घरचा दिसतोय गं, पण डोक्यानं गेलाय बिचारा." मीही मान डोलावली. त्या 'बिचाऱ्या' माणसाच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याचा मान आज मला मिळाला आहे. सासूबाई असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

हे वाण आमच्या घरी कसे आले, ते आधी सांगते. आमचे घर एकलहऱ्याच्या बाजूला, घरामागे फुलांची शेती. झेंडू, शेवंती, गुलाब पिकवायचे आणि नाशिकरोडच्या बाजारात नेऊन विकायचे, हा आमचा पिढीजात उद्योग. मी बी.ए.पर्यंत शिकले, पण हात मातीतच राहिले. अण्णांच्या पत्नी सुमनकाकू माझ्याकडून पूजेची फुले घेत. त्या वर्षी त्यांनी मला आग्रहाने हळदीकुंकवाला बोलावले आणि वाण म्हणून एक इवलेसे रोप हातावर ठेवले. पानाच्या टोकाला बारीक देठ आणि देठाला लोंबणारा झाकणाचा घट, बोराएवढा. "किडे खातं गं हे," काकू म्हणाल्या. बायका हसल्या. आम्ही दहाजणी ती रोपे घेऊन घरी गेलो.

संध्याकाळी अण्णा ड्यूटीवरून घरी आले आणि गच्चीवर गेले. पुढचा प्रसंग काकूंनीच मला कितीतरी वेळा सांगितला आहे. अण्णा मूळचे सटाण्याकडचे. एरवी अगदी पुस्तकी बोलणारा हा माणूस मन हलले की अहिराणीत शिरतो. गच्चीच्या पायरीवरून त्यांनी हाक दिली, "सुमन, मन्हा रोपं कोठे शेतस?" झाले होते ते असे. वाणासाठी आणायचे स्टीलचे डबे त्या वर्षी राहून गेले होते. गच्चीवर एका ट्रेमध्ये अकरा रोपे दाटीवाटीने उभी दिसली. ह्यांची रोपे नेहमीच वाढतात आणि नेहमीच वाटली जातात, असा विचार करून काकूंनी त्यातले एक ठेवले आणि दहा वाटून टाकली.

एरवी वाटली जात ती फांद्या लावून केलेली रोपे. ही मात्र बियांची होती. ईशान्येकडच्या डोंगरात उगवणारी ही आपल्या देशाची घटपर्णी. एका मित्राने आपल्या बागेतल्या झाडाचे बी पाकिटातून पाठवले होते. केसासारख्या त्या बियांपासून दोन वर्षांत अण्णांनी अकरा रोपे उभी केली होती. घटपर्णीत नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे, आणि कोण काय आहे हे फुलल्याशिवाय कळत नाही. फुलायला तर कितीतरी वर्षे लागतात. अकरा जपली असती तर त्यातून जोडी मिळाली असती आणि नाशकात पहिल्यांदा घरचे बी धरता आले असते. अण्णांना तेवढेच हवे होते. फांदी लावली की तेच झाड पुन्हा उभे राहते, पण बी म्हणजे नवा जीव, असे ते म्हणत.

काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मी उद्याच जाऊन सगळ्यांकडून परत मागून आणते." अण्णांनी ट्रेमध्ये उरलेले एक रोप सावलीत सरकवले. मग म्हणाले, "वाण परत मागत नाहीत, सुमन. त्यांना पाणी पोचवू." त्या रविवारपासून ते सायकलवर कॅन बांधून दहा घरी पाणी पोचवत फिरू लागले. आधी सगळी घरे काकूंकडून लिहून घेतली होती.

आता माझे पाप सांगते. अण्णा पहिल्यांदा आले तोवर मी त्या रोपाला चांगले मूठभर शेणखत आणि वर चमचाभर दाणेदार खत घालून बसले होते. आम्हा माळ्यांच्या घरात उपाशी रोप पाहवत नाही. दुसऱ्या रविवारपर्यंत पाने काळी पडली. तिसऱ्या रविवारी नुसता बुंधा उरला. आणि मी काय केले? कुंडी गोठ्यामागे लपवली आणि दर रविवारी "छान आहे, साहेब" म्हणत ते पाणी ठेवून घेतले. त्यांनी एकदाही "दाखवा बरं" म्हटले नाही. सहाव्या रविवारी मात्र कॅन खाली ठेवून हळूच म्हणाले, "ताई, रोप गेलं असेल तर तसं सांगा. त्यात काही नाही. पाणी तेवढं दुसऱ्या घरी जाईल."

मला इतकी शरम वाटली की मी गोठ्यामागची कुंडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बुंध्याची साल नखाने खरवडली. आत पोपटी रंग होता. तिथेच ओसरीवर मांडी ठोकून त्यांनी मुळे धुतली, माझे सगळे लाडके खत काढून टाकले, पिशवीतून शेवाळ आणि नारळाचा भुसा काढून रोप पुन्हा लावले. "हिच्या मुळांना खायला द्यायचं नाही," ते म्हणाले, "ही वरून खाते. तुमचा हात सढळ आहे, तो गुण आहे. फक्त इथे आवरा." मला कुणी रागावले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते, कारण माझी जीभ काही गोड नाही. पण ह्या माणसाने मला भांडायला जागाच ठेवली नाही.

दीड महिन्यानंतर बुंध्याच्या खालून एक कोंब फुटला. तेव्हापासून मी त्यांची शिष्या.

अण्णा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाण्याच्या विभागात होते. बॉयलरला जे पाणी लागते त्यात क्षार नावालाही चालत नाही, तसले पाणी तयार करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. घटपर्णीलाही नेमके असलेच पाणी लागते. माझे दीर तेव्हा तिथे कंत्राटावर होते, त्यांच्या समोरची गोष्ट. कुणीतरी अण्णांना म्हणाले, "साहेब, इथं नुसता धबधबा वाहतोय. एक कॅन न्या की घरी, कोण विचारतंय?" अण्णा म्हणाले, "झाड विचारेल." सगळे हसले. पण हाताखालून एवढे शुद्ध पाणी जात असताना त्यांनी त्यातला पेलाभरही कधी घरी नेला नाही. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी निळ्या ड्रममध्ये साठवायचे आणि ते संपत आले की एसीचे पाणी गोळा करायचे, ही त्यांची पद्धत. नाशिकचा उन्हाळा जसा वाढतो तसे एसी जास्त चालतात, म्हणजे झाडांना तहान लागते तेव्हाच पाणीही जास्त मिळते, हे गणित ते फार आनंदाने समजावून सांगतात. जेलरोडवरच्या दातांच्या दवाखान्याच्या मागे एसीच्या नळीखाली लावलेली बादली त्यांचीच. दवाखान्यात नवीन आलेल्या मुलीने ती एकदा फरशी पुसायला वापरली, तेव्हा अण्णा तिला गच्चीवर घेऊन गेले आणि झाडे दाखवली. त्यानंतर बादली भरली की ती मुलगीच फोन करू लागली.

ही गच्ची ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. वर सावलीची जाळी म्हणजे शेडनेट, उन्हाळ्यात चारी बाजूंनी ओली गोणपाटे, आणि आत मुठीएवढ्या घटापासून हातभर लांब घटांपर्यंत टांगलेल्या कुंड्या. एका कोपऱ्यात तुतारीसारख्या उभ्या वाढणाऱ्या परदेशी घटपर्णी आहेत. त्यांना हिवाळ्यात झोप लागते, आणि आपल्या द्राक्षबागायतदारांना धडकी भरवणारी थंडी त्यांना मानवते. एखादी मुंगी घटाच्या काठावर आली की अण्णा बोलता बोलता थांबतात. मुंगी आत घसरली की त्यांना समाधान वाटते की वाईट, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही. विचारले तर म्हणतात, "दोघींचंही पोट आहे."

संपादक मंडळींनी मला बजावले आहे की लेख गौरवाचा आहे, दोष लिहू नका. मी एक लिहिणारच. अण्णांच्या खिशात पेनाच्या शेजारी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर असतो आणि तो ते कुठेही काढतात. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांकडच्या मंडळींना पाणी देत होते, तेव्हा अण्णांनी आपल्या ग्लासात मीटर बुडवला आणि मोठ्याने आकडा सांगितला. विहीणबाई आजही मला विचारतात, "ते पाणीवाले काका बरे आहेत ना?"

जंगलातून उपटून आणलेले झाड ते कधी घेत नाहीत. एका प्रदर्शनात एक विक्रेता त्यांच्या मागेच लागला होता. "अस्सल डोंगरातलं आहे, काका," म्हणत होता. अण्णांनी मुळे पाहिली, हात जोडले आणि निघाले. पेठच्या पुढे एका सड्यावर आम्ही श्रावणात गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तिथे कातळावरच्या ओलीत दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती नखाएवढी उगवते, लाल, आणि चिकट थेंबांनी भरलेली. पासष्टी जवळ आलेले अण्णा ओल्या दगडावर पोटावर झोपून ती पाहत होते. मी चमच्याने एक हळूच उकरली. माळीणच मी, राहवले नाही. अण्णांनी मान न उचलता सांगितले, "जिथलं तिथे ठेवा, रंजनाताई." गुरे घेऊन निघालेल्या एका आजीबाई आमच्याकडे पाहत उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्येच्यासाठी आलात व्हय? हे तर आमच्या पायाखाली लय हाय." अण्णा उठून बसले आणि त्यांना म्हणाले, "तुमच्या पायाखाली आहे म्हणूनच राहिलंय, आजी." परतताना माझा चमचा त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला.

माझ्या घरच्या अडचणीतही ते असेच न सांगता उभे राहिले. ऐन दसऱ्याच्या तोंडावर माझ्या यजमानांचे ऑपरेशन निघाले. देवळाली कॅम्पच्या एका दवाखान्यात मी त्यांच्याजवळ, आणि इकडे झेंडू तोडणीला आलेला. वर्षाची मेहनत झाडावर वाळणार म्हणून मी रडत होते. तोडणी दिरांनी उरकली आणि अण्णा-काकू दोन दिवस बाजारात माझ्या जागेवर बसले. अण्णांनी झेंडूच्या ढिगावर ओले फडके घातले, प्रत्येक गिऱ्हाइकाला "साहेब", "बाईसाहेब" म्हटले, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक मापात दोन मुठी जास्त टाकल्या. काकू त्यांना ओरडल्या, "सगळा ढीग असा वाटायचाय का?" अण्णा म्हणाले, "तू वाण दिलंस तेव्हा मी काही बोललो का?" त्या दोघांत ह्या विषयावर हसणे झाले ते बहुधा पहिल्यांदाच. कारण ती दहा रोपे काकूंच्या मनाला लागून राहिली होती. एक तुळशीबरोबर रोज नळाचे पाणी पिऊन गेले, एक उन्हात, एक मांजराने पाडले. वर्षभरात नऊ गेली. राहिले ते माझे एकटे, आणि अण्णांच्या गच्चीवरचे एक. त्याला आम्ही थोरली म्हणतो.

थोरली सहा-सात वर्षांनी फुलली आणि मादी निघाली. पुढेही ती फुलत राहिली. फूल म्हणजे पाकळ्यांचे नव्हे, उंच दांड्यावर हिरवट कळ्यांचा घोस. दोन-तीन आठवडे तो ताजा असतो, मग सुकून जातो. बाजारात मिळणारी रोपे बहुतेक संकरित, म्हणून अण्णांना ती बीजासाठी नको होती. दरवर्षी ते मला विचारत, "तुमची फुलली का?" आणि मी दरवर्षी "नाही" म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वी काकूंनी मला थोरलीचा घोस पाहायला गच्चीवर बोलावले. तोवर मी तो कधी पाहिलाच नव्हता, कारण दिवाळीच्या आसपास आम्हाला फुलांच्या तोडणीतून मान वर करायला सवड नसते. अण्णा म्हणाले, "एकटीच फुलते बिचारी. यंदाही वायाच." मी तो कोवळा दांडा पाहिला आणि लगेच ओळखला.

"अण्णा," मी म्हटले, "असला तुरा तर माझ्याकडं दरवर्षी येतो. मी खुडून टाकते."

शेवंतीचा शेंडा खुडला की फुटवा जोरात येतो, हे आमच्या बोटांना डोळे मिटूनही ठाऊक. घटपर्णीच्या शेंड्यातून मक्याच्या तुऱ्यासारखे काहीतरी वर येई, ते झाडाची ताकद खाईल म्हणून मी ते कळीतच मोडून टाकी. फुलू दिलेच नव्हते. आणि वर जीव लावून झाड वाढवते म्हणून माझा मलाच अभिमान.

अण्णा पालथ्या क्रेटवर बसले. "किती वर्षं?" त्यांनी विचारले. "चार-पाच," मी सांगितले. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी मात्र अण्णांना वाईट वाटले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले, आणि ते मी इथे लपवणार नाही. त्यांनी थोरलीचा घोस एकदा हाताने सावरला. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं झाड वयात आलंय. पुढच्या वेळी फक्त हात लावू नका."

ते पुढचे वर्ष मी कसे काढले ते मलाच ठाऊक. माझे झाड नर आहे की मादी, हे कुणालाच माहीत नव्हते. तेही मादीच निघाले असते तर सगळे संपले असते. अण्णांचा उजवा हात तोवर थरथरू लागला होता. दसऱ्यानंतर दांडा दिसला. मी घरातल्या प्रत्येकाला, अगदी यजमानांनाही, त्या कुंडीजवळ जायची बंदी केली. कळ्या उमलल्या त्या सकाळी अण्णा भिंग घेऊन आले. वाकून पाहिले, पुन्हा पाहिले. प्रत्येक फुलात बारीक काडीवर पिवळ्या परागांचा एकेक गोळा होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचे दोन शब्द अहिराणीत आले, "नर शे."

थोरली अजून फुलायची होती. परागांची पुडी करून काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि काकूंनी त्या कप्प्यात तीन आठवडे दुसरे काहीही ठेवले नाही. थोरली उमलली त्या दिवशी अण्णांनी ब्रश हातात घेतला. हात थांबेना. पराग सांडू लागले. त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "रंजनाताई, तुम्ही करा. फुलांचा हात तुमचा आहे." ज्या बोटांनी चार-पाच वर्षे ते फूल मोडले, त्याच बोटांनी मी एकेका फुलाला पराग लावले. खाली बसलेल्या काकू हात जोडून होत्या, आणि अण्णा एकेक फूल मोजत होते.

शेंगा धरल्या. गेल्या वसंतात बी निघाले, पावसाळ्याच्या तोंडावर उगवले. आज अण्णांच्या गच्चीवर पारदर्शक डब्यात नाशिकच्याच आईबापांची चाळीसेक रोपे आहेत, आणि काहींना बाजरीच्या दाण्याएवढे घट लागले आहेत. भिंगातून पाहिले तर झाकणासकट सगळे नीट आहे. पुढच्या संक्रांतीपर्यंत ती वाटण्याजोगी होतील. काकू म्हणाल्या, "आता एकही कुणाला द्यायची नाही." अण्णा म्हणाले, "ह्या खेपेला वाण तुझ्याच हातून द्यायचं. तू दिलंस म्हणून तर एक राहिलं. माझ्या गच्चीवर असती तर त्या उन्हाळ्यात शेडनेट फाटली तेव्हा सगळीच गेली असती." शेडनेट खरोखरच कधी फाटली होती का, हे काकूंनी त्यांना विचारले नाही, आणि मीही विचारले नाही.

ह्या ग्रंथाचे वाचक बहुतेक अण्णांच्या गोतावळ्यातलेच आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की पुढच्या संक्रांतीला वाण घ्यायला या, खत घालू नका, आणि तुरा खुडू नका.

अण्णांसाठी मात्र माझे मागणे थोडे स्वार्थाचे आहे. ह्या रोपांतले नर कोण, मादी कोण, हे कळायला अजून सहा-सात वर्षे लागतील. भिंगातून पाहून ते सांगणारा माणूस आमच्याकडे दुसरा नाही. तेव्हा अण्णा, तेवढी वर्षे तरी तुम्ही ठणठणीत राहायलाच हवे, आणि त्या रोपांना बी धरले की पुन्हा तेवढीच. सायकल आता चालवू नका. कॅन मी उचलीन. तुम्ही फक्त रविवारी माझ्याबरोबर प्रत्येक दारात या आणि म्हणा, "तुमच्या रोपाचं पाणी आणलंय."